डाव घोषित करताना मोजायचं काय: धावा की षटकं?

थर्ड स्लिप

एजबॅस्टन, जुलै २०२५. इंग्लंडविरुद्ध शुभमन गिल डाव घोषित करायला, म्हणजे आपली फलंदाजी आपणच थांबवायला, तयार नव्हता तेव्हाची बोलणी आठवा. आघाडी ५०० झाली, ५५० झाली, तरी आपली फलंदाजी चालूच. सगळ्यांचं एकच पालुपद: पोरगा घाबरलाय, आधीच्या कसोटीत हेडिंग्लेला ३७१ चा पाठलाग झाला त्याचा धसका घेतलाय. अखेर ६०८ चं लक्ष्य ठेवून त्याने डाव सोडला. संध्याकाळपर्यंत इंग्लंड ३ बाद ७२, दुसऱ्या दिवशी सर्वबाद २७१, आपण ३३६ धावांनी जिंकलो. एजबॅस्टनवरचा भारताचा पहिला कसोटी विजय. आणि रातोरात तोच निर्णय शहाणपणाचा ठरला.

मला दोन्ही वेळचं बोलणं पटलेलं नाही. आदल्या दिवशी फक्त लक्ष्याचा आकडा बघितला गेला, दुसऱ्या दिवशी फक्त निकाल. कर्णधाराने खरं काय केलं ते दोन्ही वेळा बाजूलाच राहिलं. माझं मत असं की कर्णधार सावध होता की आक्रमक, हे त्याने गोलंदाजांना किती षटकं दिली, दिवसाच्या कुठल्या वेळी दिली आणि त्यात किती नवे चेंडू बसले यावरून ठरवावं. धावा त्यानंतर.

जरा हिशेब मांडू. दिवसाला ९० षटकं. खेळ चालू असताना डाव बदलला की दहा मिनिटं जातात, म्हणजे दोन षटकं कापली जातात. तोच बदल उपाहाराला, चहापानाला किंवा रात्रीतून केला तर ती वाचतात. ८० षटकांनंतर नवा चेंडू मिळतो. चौथ्या डावात दहा गडी काढायचे तर पहिला नवा चेंडू, मग मधल्या वेळची फिरकी किंवा रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू उलट्या दिशेने वळणं), आणि तरीही दोघेतिघे चिकटून बसलेच तर दुसरा नवा चेंडू, एवढं सगळं हाताशी हवं. त्याला ९५ ते १०० षटकं लागतात. गिलने चौथ्या संध्याकाळची १६ आणि पाचवा अख्खा दिवस राखून डाव सोडला. बेरीज शंभराच्या वर. पाचव्या सकाळी पावसाने काही षटकं खाल्ली तरीही ८० च्या आसपास उरलीच होती. लागली एकूण ६८.१. म्हणजे शंभर-सव्वाशे धावा त्याने गरजेपेक्षा जास्त केल्या असतील, पण उशीर केला असं मी म्हणणार नाही.

याच्या उलट राजकोट, २०१६. पाच कसोटींच्या मालिकेतली पहिली कसोटी, इंग्लंडचा कर्णधार कुक, त्याला राखून ठेवायला काहीच नाही. त्याने आपल्यापुढे ३१० ठेवले आणि षटकं दिली ४९. आकडा ६०८ च्या निम्मा, त्यामुळे ऐकायला धाडसी वाटतं. पण ४९ षटकांत दुसरा नवा चेंडू येतच नाही. आपण ६ बाद १७२ वर सुटलो. आणखी दहा-पंधरा षटकं असती तर काय झालं असतं, हा विचार कुकला छळला असणार. तीच मालिका पुढे आपण ४-० ने जिंकलो.

आता भीतीबद्दल. कर्णधारांच्या डोक्यात ४०० चा आकडा बसलेला असतो. कसोटीत ४०० च्या वर यशस्वी पाठलाग झालेत फक्त चार: १९४८ ला हेडिंग्लेत ऑस्ट्रेलिया, १९७६ ला पोर्ट ऑफ स्पेनला भारत, २००३ ला अँटिग्वात वेस्ट इंडिज आणि २००८ ला पर्थला दक्षिण आफ्रिका. यातली शेवटची दोन नीट बघा. दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव सर्वबाद झाला होता, कुणी घोषित केलाच नव्हता. म्हणजे डाव घोषित करून ४०० च्या वर लक्ष्य दिलं आणि तरी हरले, असे कर्णधार सगळ्या इतिहासात दोनच: इंग्लंडचा यार्डली आणि वेस्ट इंडिजचा क्लाइव्ह लॉइड. एवढ्यासाठी किती कर्णधारांनी किती षटकं वाया घालवली असतील!

---

लेग बिफोर

थर्ड स्लिप, मांडणी आवडली, पण तुमच्या हिशेबात गोलंदाजांचे पाय कुठेच दिसत नाहीत. षटकं कागदावर असतात, टाकावी माणसांना लागतात.

द्रविडचं २००७ चं ओव्हल घ्या. आपले ६६४, इंग्लंड ३४५, आघाडी ३१९. फॉलोऑन दिला नाही, म्हणजे मागे पडलेल्या इंग्लंडला लगेच परत फलंदाजीला लावलं नाही. दुसऱ्या डावात ३ बाद ११ झाले, स्वतः द्रविड ९६ चेंडूंत १२ धावा करून गेला, आणि अख्खा देश त्याला शिव्या घालत होता. ६ बाद १८० वर घोषित, लक्ष्य ५००, इंग्लंड ६ बाद ३६९, सामना अनिर्णित. पण मालिका १-० अशी आपली होती, इंग्लंडमध्ये १९८६ नंतर पहिल्यांदा. झहीर, आर. पी. सिंग, श्रीशांत हे तिघे वेगवान आणि कुंबळे, मालिकेतली तिसरी कसोटी. त्यांना लगेच परत गोलंदाजीला लावायचं आणि चौथ्या डावात आपण दीडशे-दोनशेच्या मागे लागायचं, हे त्याला नको होतं. मला तरी त्यात भित्रेपणा दिसत नाही. २१ वर्षांनी हातात आलेली मालिका होती ती.

---

थर्ड स्लिप

फॉलोऑन न देणं मलाही मान्य आहे. मला खटकतात त्या दुसऱ्या डावातल्या ९६ चेंडूंच्या १२ धावा. गोलंदाजांना विश्रांती द्यायचीय ना, मग दोन सत्रांत भराभर धावा करून द्या. विश्रांती तेवढीच मिळते आणि लक्ष्यही मोठं होतं. तिथे वेळ गेला तो विकेट पडल्यावर घेतलेल्या पवित्र्यामुळे.

---

लेग बिफोर

३ बाद ११ वर फटके मारून ६ बाद ४० झाले असते तर? अँडरसनचा चेंडू तेव्हा बोलत होता. घरी बसून पवित्रा बदलणं सोपं आहे.

---

नवा चेंडू

फॉलोऑनचा विषय निघालाच आहे तर: फॉलोऑन देऊन संघ हरल्याची उदाहरणं कसोटीत चारच. सिडनी १८९४, हेडिंग्ले १९८१, कोलकाता २००१, वेलिंग्टन २०२३. पहिल्या तिन्हीत हरणारा संघ ऑस्ट्रेलिया, चौथ्यात स्टोक्सचा इंग्लंड, तोही एका धावेने.

कोलकात्यानंतर अनेक कर्णधारांनी फॉलोऑनचा धसकाच घेतला. पण त्या सामन्याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. आपण चौथ्या दिवसअखेर ४ बाद ५८९ होतो, लक्ष्मण-द्रविड दिवसभर खेळलेले. तेव्हाच, रात्रीतून घोषित करा असं म्हणणारे होते. गांगुलीने पाचव्या सकाळी खेळून ७ बाद ६५७ ला सोडला, लक्ष्य ३८४. चहापानाला ऑस्ट्रेलियाचे तीनच बाद होते. शेवटच्या सत्रात सात गडी पडले म्हणून तो निर्णय अजरामर झाला. थर्ड स्लिप यांच्या मापाने तो निर्णय उशिराचा ठरेल, कारण दुसरा नवा चेंडू येण्याची शक्यताच नव्हती. मला मात्र तो बरोबर वाटतो. हेडन, पाँटिंग, वॉ बंधू, गिलख्रिस्ट असे फलंदाज, लागोपाठ सोळा कसोटी जिंकून आलेला संघ. आपण जिंकू शकत नाही हे त्यांच्या मनात पक्कं बसवायला त्या सकाळच्या ६८ धावा लागल्या. त्यानंतर त्यांना वाचवायला खेळावं लागलं, आणि तशी सवय त्या संघाला नव्हतीच. हरभजनला सिली पॉइंट, शॉर्ट लेग, लेग स्लिप असे फलंदाजाच्या जवळचे सगळे क्षेत्ररक्षक उभे करता आले, कारण धावा गेल्या तरी फरक पडत नव्हता. मोठं लक्ष्य क्षेत्ररचना विकत घेऊन देतं. हा मुद्दा तुमच्या मांडणीत यायला हवा.

---

नाइटवॉचमन

सगळे कर्णधाराच्या बाजूने बोलताय, मी सलामीवीराच्या बाजूने लिहितो. क्लब पातळीवर बरीच वर्षं सलामीला खेळलोय.

दीडेक दिवस तुम्ही क्षेत्ररक्षण केलेलं असतं. शेवटचा तास समोरचे नुसते बॅट फिरवत असतात, तुम्ही सीमारेषेवर धावून धावून पोटऱ्या भरून आलेल्या. डोकं सारखं पॅव्हेलियनकडे: कर्णधार बाल्कनीत आला का? हात केला का? प्रत्येक षटकाला वाटतं, आता करेल. तो करत नाही. पुढच्या षटकालाही नाही. मग अचानक फलंदाज हातमोजे काढत चालू लागतात आणि तुमच्याकडे दहा मिनिटं उरतात. त्यात पळत आत जायचं, शर्ट बदलायचा, पॅड, थाय पॅड, गार्ड चढवायचं, दोन घोट पाणी, आणि बोटं अजून चेंडू अडवून सुजलेली असतात त्याच हातांनी बॅट धरायची. समोर ताजेतवाने दोन वेगवान गोलंदाज, ज्यांना माहीत असतं की आज फक्त सहा-सात षटकं टाकायची आहेत, म्हणजे जीव तोडून टाकता येईल. धावा करून काही मिळत नाही, बाद झालात तर सगळं जातं. दिवसाच्या शेवटची ती २५ मिनिटं फलंदाजीतली सगळ्यात वाईट वेळ.

म्हणून मी कर्णधार असतो तर लक्ष्यात ३० धावा कमी पडल्या तरी संध्याकाळ सोडली नसती. कानपूरला २०२४ मध्ये रोहितने हेच केलं. पावसाने अडीच दिवसांच्या वर खेळ गेलेला. बांगलादेश २३३, आपण ३४.४ षटकांत ९ बाद २८५ करून सोडला. आघाडी फक्त ५२! शेवटच्या जोडीने आणखी वीस धावा केल्याही असत्या, पण त्याला संध्याकाळ हवी होती. दिवसअखेर बांगलादेश २ बाद २६. दुसऱ्या दिवशी १४६ ला आटोपले आणि आपण सात गडी राखून जिंकलो. दोन दिवसांहून कमी वेळात कसोटी जिंकणं हे फलंदाजांनी मारलेल्या षटकारांइतकंच त्या घोषणेचंही श्रेय.

---

कव्हर ड्राइव्ह

रात्रीतून घोषित करण्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण महिला कसोटीतलं आहे आणि इथे कुणी काढलं नाही, म्हणून लिहिते. डिसेंबर २०२३, नवी मुंबई, भारत वि. इंग्लंड, चार दिवसांची कसोटी. आपले ४२८, त्या १३६. आघाडी २९२. हरमनप्रीतने फॉलोऑन दिला नाही. दुसऱ्या दिवसअखेर आपण ६ बाद १८६, आणि तिसऱ्या सकाळी बॅट हातात न घेता डाव घोषित. लक्ष्य ४७९. इंग्लंड १३१ मध्ये सर्वबाद, विजय ३४७ धावांनी, महिला कसोटीत धावांच्या फरकाने सगळ्यात मोठा. दीप्ती शर्माने सामन्यात ९ गडी टिपले.

तिसऱ्या सकाळी आणखी तासभर खेळायला कुणी अडवलं नव्हतं, चौथा दिवसही शिल्लक होता. पण सकाळचा ओलावा आणि नवा चेंडू आपल्या गोलंदाजांच्या हाती गेला. फॉलोऑन न देऊन रात्रभर विश्रांती, रात्रीतून घोषित करून सकाळचं सत्र. लेग बिफोर आणि थर्ड स्लिप, तुम्हा दोघांचंही म्हणणं एकाच सामन्यात बसतं.

---

जुना स्कोअरर

चर्चा आजच्या काळात अडकलीय, थोडं मागे नेतो.

१९६८, पोर्ट ऑफ स्पेन. वेस्ट इंडिज पहिल्या डावात ७ बाद ५२६ घोषित. इंग्लंड ४०४. पाचव्या दिवशी सोबर्सने २ बाद ९२ वर डाव सोडला आणि इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ करायला सांगितलं. सगळ्या मालिकेत निकाल लागत नव्हता, प्रेक्षक कंटाळले होते, आणि पहिल्या डावात बुचरसारख्या कामचलाऊ लेगस्पिनरने ३४ धावांत ५ बळी घेतले होते. सोबर्सला वाटलं पुन्हा घसरगुंडी होईल. काउड्री ७१, बॉयकॉट नाबाद ८०, तीन मिनिटं राखून इंग्लंड सात गड्यांनी जिंकलं आणि मालिकाही १-० ने घेऊन गेलं. बेटांवर सोबर्सला लोकांनी वर्षानुवर्षं माफ केलं नाही.

तिथे चूक २१५ या आकड्यात शोधतात. मला ती गोलंदाजीत दिसते. ग्रिफिथ जखमी होऊन बसलेला. ज्याच्याकडे दहा गडी काढायला माणसंच नाहीत, त्याने पावणेतीन तास दिले काय आणि चार तास दिले काय.

आठ वर्षांनी त्याच मैदानावर लॉइडने ६ बाद २७१ वर घोषित करून आपल्याला ४०३ दिले. संघात तीन फिरकी गोलंदाज: इम्तियाज अली, जुमादीन, पॅडमोर. गावसकर १०२, मोहिंदर ८५, विश्वनाथ ११२, आणि ४ बाद ४०६. लॉइडने त्यातून धडा घेतला तो गोलंदाज बदलण्याचा. फिरकी बाजूला ठेवून वेगवान गोलंदाजांचा ताफा उभा केला, आणि पुढची दीडेक दशकं जगाने त्याची किंमत मोजली. लगेच पुढच्याच कसोटीत, किंग्स्टनला, त्या माऱ्यात आपले फलंदाज जखमी होत गेले आणि बेदींनी पहिला डाव ६ बाद ३०६ वर घोषित केला. आपल्या तळाच्या गोलंदाजांना दुखापतीपासून वाचवण्यासाठी केलेली ती घोषणा. तिला सावध म्हणाल की आक्रमक?

---

थर्ड स्लिप

जुना स्कोअरर, हे वाचून बरं वाटलं. बेदींची घोषणा मी या दोन्ही खणांत टाकणार नाही. तो निषेध होता, आणि योग्य होता.

नवा चेंडू, क्षेत्ररचनेचा मुद्दा पूर्ण पटतो, फक्त त्याला दुसरी बाजू आहे. फार मोठं लक्ष्य दिलं की फलंदाजाचं काम सोपं होतं: फक्त अडवायचं. सिडनी २०२१ आठवा. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पेनने ४०७ दिले. पंत ९७ आणि पुजारा ७७ खेळत होते तोवर ऑस्ट्रेलियाला संधी होती, कारण आपण जिंकायला बघत होतो. पंत तर त्या नादातच बाद झाला. ते दोघे गेल्यावर विहारी आणि अश्विनने जिंकायचा विचारच सोडून दिला. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. एकाची मांडी आखडलेली, दुसऱ्याची पाठ. १३१ षटकं खेळून काढली. षटकं भरपूर होती, दुसरा नवा चेंडूही मिळाला, तरी गडी पडले नाहीत.

रावळपिंडी, डिसेंबर २०२२ याच्या नेमकं उलट. खेळपट्टी म्हणजे सिमेंटचा रस्ता, इंग्लंड ६५७, पाकिस्तान ५७९. स्टोक्सने चौथ्या दिवशी चहापानाला ७ बाद २६४ वर सोडला आणि ३४३ दिले, चार सत्रं हातात. त्या खेळपट्टीवर ते मिळण्यासारखं होतं आणि पाकिस्तानने प्रयत्न केला. पाचव्या दिवशी चहापानाला ५ बाद २५७, हव्यात ८६. तिथून अकरा धावांत पाच गडी. उजेड जेमतेम काही मिनिटांचा उरला होता तेव्हा शेवटचा पायचीत झाला, ७४ धावांनी विजय. पाकिस्तानने पहिल्यापासून अडवलं असतं तर त्या खेळपट्टीवर दहा गडी निघाले असते असं मला वाटत नाही. लक्ष्याचं आमिष होतं म्हणून फटके खेळले गेले.

---

लेग बिफोर

आणि तोच स्टोक्स एजबॅस्टनला २०२३ मध्ये ॲशेसच्या पहिल्याच दिवशी ८ बाद ३९३ वर डाव सोडतो. रूट ११८ वर नाबाद. शेवटी ऑस्ट्रेलिया दोन गडी राखून जिंकलं, कमिन्स नाबाद ४४. त्या २०-३० धावा कुठे गेल्या? त्या संध्याकाळी चार षटकांत एकही गडी पडला नाही. नाइटवॉचमन म्हणतात ती वाईट वेळ वॉर्नर-ख्वाजाने निमूट काढली.

---

नाइटवॉचमन

पडला नाही हे खरं. पण मी दिवसाच्या शेवटी डाव सोडा म्हणतोय तो सामन्याच्या उत्तरार्धात, सलामीवीर दमलेला असताना आणि खेळपट्टी बोलायला लागल्यावर. पहिल्या दिवशी कोरी खेळपट्टी, फलंदाज ताजा, आणि तुमचा शतकवीर खेळतोय. ती घोषणा मलाही कधी समजली नाही.

---

दुसरा

गुणांचं कुणी बोललं नाही. जागतिक कसोटी अजिंक्यपदात विजयाला १२ गुण, बरोबरीला ६, अनिर्णितला ४, आणि क्रमवारी टक्केवारीवर. म्हणजे हातातला अनिर्णित सामना पणाला लावताना हरलात तर ४ गुण गेले, जिंकलात तर ८ वाढले. निव्वळ गणित बघितलं तर कर्णधाराने धाडसच करायला हवं. पण बाद होणारी खुर्ची कर्णधाराची असते. अनिर्णितबद्दल कुणी कर्णधारपद काढून घेत नाही, घोषित करून हरलेल्याला मात्र वीस वर्षं ऐकावं लागतं. ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा हंगामी कर्णधार गिलख्रिस्ट, त्याला अजून हेडिंग्ले २००१ विचारतात. ३१५ चं लक्ष्य आणि मार्क बुचर नाबाद १७३. मालिका खिशात होती, म्हणून त्याला परवडलं.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे रणजीची सवय. निर्णायक विजयाला ६ गुण, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला ३, मागे राहिलेल्याला १. बाद फेरीत तर सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावाची आघाडी घेणारा संघ पुढे. वर्षानुवर्षं या नियमात वाढलेला कर्णधार काय शिकतो? पहिल्यांदा ५००-६०० करा, समोरच्याला मैदानात दमवा, आघाडी घ्या, मग उरलेला वेळ घालवा. चौथ्या डावाचं लक्ष्य ठरवण्याची वेळच त्याच्यावर फार कमी येते. मग कसोटीत पहिल्यांदा ती वेळ आली की हात थरथरणारच. कर्णधाराला भित्रा म्हणण्याआधी तो शिकला कुठे ते बघायला हवं.

---

जुना स्कोअरर

रणजीतून आलेले सगळेच तसे नव्हते. १९७१, किंग्स्टन. पहिला दिवस पावसात वाहून गेला. आपण सरदेसाईंच्या २१२ वर ३८७, वेस्ट इंडिज २१७. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० लागतात, पण पहिला दिवस गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरायचा आणि मग १५० पुरतात. वाडेकरांना हे पाठ होतं. ते सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि फॉलोऑन देतोय म्हणून सांगितलं. सामना अनिर्णितच राहिला, कन्हाय आणि सोबर्सने वाचवला. पण भारताने वेस्ट इंडिजला त्यांच्याच मैदानावर पुन्हा खेळायला लावलं ही गोष्ट तोवर घडलीच नव्हती. पुढची कसोटी आपण जिंकली आणि मालिका १-० ने घेतली. वाडेकरांना सगळे सावध कर्णधार म्हणतात!

---

कव्हर ड्राइव्ह

थर्ड स्लिप, तुमच्या शंभर षटकांच्या नियमाला कानपूर २०२१ आडवं येतं. रहाणेने चौथ्या दिवसाच्या अगदी शेवटी ७ बाद २३४ वर सोडला, न्यूझीलंडला २८४. त्या संध्याकाळी चार षटकं आणि यंग पायचीत. त्याने रिव्ह्यू मागितला तेव्हा वेळ संपलेली. सगळं तुमच्या पुस्तकाप्रमाणे. मग रात्रीचा पहारेकरी म्हणून, म्हणजे मुख्य फलंदाज राखायला, आधी पाठवलेला सॉमरव्हिल अख्खं सकाळचं सत्र उभा! उपाहारानंतर पहिल्याच चेंडूवर गेला, पण नुकसान करून. शेवटी ९ बाद १६५, एकूण ९८ षटकं. पदार्पण करणारा रचिन रवींद्र आणि एजाज पटेल यांनी शेवटचे ५२ चेंडू काढले. पंच दर षटकाला उजेड मोजत होते, तिन्ही फिरकीपटू धावत धावत षटकं टाकत होते.

चौथ्या दिवशी साहा-अक्षरची भागी चालू असताना अर्धा तास आधी सोडला असता तर? २८४ ऐवजी २५० दिले असते. न्यूझीलंडने त्या दिवशी १६५ केल्या. त्या ३४ धावा कुणालाच लागल्या नाहीत, ती सात-आठ षटकं मात्र लागली.

---

थर्ड स्लिप

हो, आणि हे उदाहरण माझ्या बाजूचंच आहे. नोव्हेंबरअखेरीस कानपूरला पाच वाजता ९० षटकं होत नाहीत, चार-सव्वाचारलाच उजेड जातो. षटकं मोजायची तर ती मिळण्यासारखी मोजायची. ढग, उजेड, पाऊस धरून. धोनीने वेलिंग्टनला २००९ मध्ये नेमकी इथेच गफलत केली. मालिकेत १-० पुढे, पावसाचा अंदाज सगळ्यांना ठाऊक, तरी ६१७ चं लक्ष्य होईपर्यंत खेळत राहिला. न्यूझीलंड ८ बाद २८१ असताना पाऊस आला आणि तो थांबलाच नाही. मालिका जिंकली, ४१ वर्षांनी न्यूझीलंडमध्ये, त्यामुळे कुणी फार बोललं नाही. दोन गडी राहिले होते.

याउलट लॉर्ड्स २०२१. तिथे कोहलीने ६० षटकंच दिली, दुसरा नवा चेंडू शक्य नव्हता, म्हणजे माझ्या नियमात बसत नाही. पण शमी आणि बुमराच्या नाबाद ८९ च्या भागीने सामना उलटवला होता. सकाळी आपण हरू की काय असं वाटणारी मंडळी उपाहारानंतर बचावाला लागली. दोन्ही सलामीवीर शून्यावर गेले. ५१.५ षटकांत १२० सर्वबाद. समोरचा संघ त्या क्षणी कुठल्या मनःस्थितीत आहे हे कर्णधाराला मैदानातच कळतं, ते षटकांच्या हिशेबात बसवता येत नाही, हे मान्य. तरीही कोहलीने उपाहारानंतर दोन षटकं पूर्ण होण्याआधीच डाव सोडला. शमी ५६ वर होता, बुमरा ३४ वर, दोघांचाही हात बसलेला, लोक आणखी मागत होते. त्या वेळी आणखी पाच षटकं खेळला असता तर उरली असती पंचावन्नच.

---

नवा चेंडू

मुलतान २००४ बद्दल बोलायचं राहिलंच. सचिन नाबाद १९४ असताना हंगामी कर्णधार द्रविडने डाव सोडला. या मापात तो निर्णय कुठे बसतो?

---

थर्ड स्लिप

बसत नाही. ५ बाद ६७५, दुसरा दिवस, १६ षटकं शिल्लक. हेतू संध्याकाळी एखादा गडी काढायचा, आणि त्या संध्याकाळी एकही पडला नाही. सामना आपण पाचव्या सकाळी एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला, म्हणजे वेळ पुरून उरला. दोन-तीन षटकांनी काहीही बिघडलं नसतं. पण द्रविडच्या जागी उभं राहून बघा: युवराज बाद झाला, नवा फलंदाज येणार, तो स्थिरावणार, षटकं जाणार. कर्णधाराने तिथे व्यक्तीपेक्षा सामना बघितला, त्यात मला वाईट काही दिसत नाही. एकच गोष्ट व्हायला हवी होती. चहापानाला स्पष्ट सांगायचं की अमुक षटकाला डाव सोडणार, तोवर काय ते करून घ्या. मग फलंदाज त्या हिशेबाने खेळतो. मार्क टेलर पेशावरला १९९८ मध्ये ३३४ वर रात्रीतून डाव सोडू शकला, कारण फलंदाजही तोच आणि कर्णधारही तोच. दोघांत निरोप पोचवायचा प्रश्नच नव्हता.